तबकडी आणि मैफल : जॅझमधल्या गिटारच्या निमित्ताने

संगीताच्या शौकिनांत एक वाद फार जुना आहे. चार रसिक एकत्र बसले, चहा झाला, की तो हटकून निघतो. एक म्हणतो, "अमक्याची तबकडी माझ्याकडे आहे. वाजवावे तर असे!" दुसरा त्याला मध्येच अडवतो, "अहो, तबकडीत काय आहे? त्याला समोर बसून ऐकायला हवे होते." पहिला विचारतो, "तुम्ही ऐकलेत का?" दुसरा म्हणतो, "मी नाही, पण आमच्या मामांनी ऐकले होते." मग पहिला हसतो आणि वाद आणखीच रंगतो.

हा वाद ख्यालाविषयी होतो, नाट्यसंगीताविषयी होतो, आणि जॅझ नावाच्या संगीताविषयी तर फारच हिरिरीने होतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या श्रोत्याला तो जरासा टोचणाराही आहे. कारण उघड आहे. बुलढाणे गावाला रेल्वे नाही. मलकापूरला उतरून घाट चढून यावे लागते. जॅझचा जाणता वादक खामगावला किंवा मेहकरला येऊन वाजवील, अशी आशा कोणी धरीत नाही. आपल्या वाट्याला आले ते रेडिओवरचे, तबकडीवरचे आणि आता हातातल्या मोबाइलवरचे संगीत. मग जे समोर बसून ऐकले नाही, ते आपण ऐकलेच नाही, असे समजायचे काय? या प्रश्नाचा विचार जॅझमधल्या गिटारच्या आधाराने करू, कारण या वाद्याच्या इतिहासात तबकडी आणि मैफल यांचा झगडा फार स्पष्ट दिसतो.

आधी जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात, तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी हे संगीत वाढवले. त्यातली वाद्ये आपल्याला अनोळखी नाहीत. क्लॅरिओनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मोठा ढोल ही सारी मंडळी आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत भेटतात. फरक आहे तो वाजवण्याच्या रीतीत. वरातीतला बँडवाला गाण्याची चाल जशीच्या तशी वाजवतो. जॅझवाला चाल एकदा वाजवून दाखवतो आणि मग तिला हाताशी धरून स्वतःचे बोलू लागतो.

याला जवळची गोष्ट आपल्याकडे दिंडीत आहे. शेगावची पालखी आषाढीला पंढरीच्या वाटेवर असते, तेव्हा भजन कसे चालते ते आठवून पाहा. अभंगाची चाल सर्वांना पाठ असते. टाळकरी धृपद धरून ठेवतात, पखवाज लय धरून ठेवतो, आणि पुढचा गाणारा एकाच चरणाला निरनिराळी वळणे देत जातो. आज दिलेले वळण उद्या तसेच येईल असे नाही. जॅझमध्ये टाळकऱ्यांचे काम पियानो, मोठे उभे बास आणि ड्रम हे तिघे करतात. बारा किंवा बत्तीस मापांचे एक आवर्तन ठरलेले असते, त्यातले स्वरमेळ ठरलेले असतात. स्वरमेळ म्हणजे पेटीवर तीनचार पट्ट्या एकदम दाबल्यावर येतो तसा एकत्र नाद. हे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि त्यावर एकेक वादक आपली कल्पना चालवतो. एखादा दोन आवर्तने घेईल, एखादा वीस घेईल. रंग भरला तर थांबवणार कोण?

आता इथेच तबकडीची अडचण सुरू होते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचेच संगीत मावत असे. आपल्या ख्यालगायकांनाही हीच कात्री लागली होती. तासभर चालणारा राग साडेतीन मिनिटांत आवरायचा, म्हणजे विस्तवावर दूध आटवून त्याचा खवा करण्यासारखेच. काहींचा खवा उत्तम झाला, यात शंका नाही. पण दूध कसे होते, हे खव्यावरून सांगणे कठीणच. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली, तिच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले, तेव्हा कुठे वादकांना जरा श्वास घेता आला.

गिटारची कथा या अडचणीत आणखी एक भर घालते. हे वाद्य मुळात नाजूक आवाजाचे. ट्रम्पेटच्या शेजारी ते वाजले काय आणि न वाजले काय, सारखेच. म्हणून पुष्कळ वर्षे बँडमध्ये गिटारवाल्याचे काम ठेका धरण्यापुरतेच होते. त्याला पुढे आणणाऱ्यांत युरोपात जँगो राइनहार्ट हे नाव मोठे. १९२८ साली आगीत त्याचा डावा हात भाजला आणि दोन बोटे जवळपास निकामी झाली. उरलेल्या बोटांनी त्याने स्वतःची निराळी रीत बसवली. पॅरिसच्या जॅझरसिकांनी हॉट क्लब नावाचे एक मंडळ काढले होते. जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचा पाच जणांचा ताफा १९३४ साली याच मंडळाच्या नावाने उभा राहिला. रसिकांच्या मंडळाने केवळ वादच घातले असे नाही, एक अजोड ताफाही जगापुढे आणला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेत चार्ली ख्रिश्चन याने गिटारला विजेचा ध्वनिवर्धक जोडून तिला सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलायला लावले. १९३९ साली तो बेनी गुडमन यांच्या ताफ्यात आला. त्या तबकड्यांत त्याच्या वाट्याला आलेला भाग पुष्कळदा मिनिटभराचाही नाही. पण न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात मिंटन्स नावाची एक जागा होती. रात्री आपले काम आटोपून वादक तिथे जमत आणि पहाटेपर्यंत मनाला येईल तसे वाजवीत. जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला एक विद्यार्थी आपले तबकडी कोरण्याचे यंत्र घेऊन तिथे जाई. १९४१ सालच्या मे महिन्यात त्याने चार्ली ख्रिश्चनचे वादन टिपून ठेवले. त्यात हा वादक आवर्तनामागून आवर्तने घेत जातो, आणि गुडमनच्या तबकड्यांत जे मिनिटभर चमकून जाते त्याचा खरा पल्ला तिथे कळतो. पुढच्याच वर्षी, मार्च १९४२ मध्ये, क्षयाने तो गेला. वय अवघे पंचवीस. एका विद्यार्थ्याला त्या रात्री यंत्र उचलून नेण्याची बुद्धी झाली नसती, तर पुढच्या पिढ्यांना ते लांब वादन कधीच कळले नसते.

याच नोंदीची आणखी एक गंमत सांगतो. त्यातली एक चीज पुढे 'स्विंग टू बॉप' या नावाने तबकडीवर आली. वास्तविक ती 'टॉप्सी' नावाची जुनी चीज आहे. नवे नाव मागाहून छापणाऱ्यांनी चिकटवले. तेव्हा तबकडीवर छापले ते ब्रह्मवाक्य, असे मानणाऱ्याने सावध असावे.

दुसरे उदाहरण वेस माँटगोमरी यांचे. हे इंडियानापोलिसचे. गिटार छेडायला ते नखी वापरीत नसत. अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडीत, त्यामुळे नाद गोल आणि ऊबदार येई. एकच स्वर खालच्या आणि वरच्या अशा दोन सप्तकांत एकदम वाजवीत चालण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध आहे. १९६५ साली विंटन केली यांच्या ताफ्याबरोबर त्यांची एक तबकडी निघाली, तिचे नाव 'स्मोकिन अॅट द हाफ नोट'. हाफ नोट हा न्यू यॉर्कचा क्लब. नाव वाचून कोणालाही वाटेल की सारी तबकडी त्या क्लबातल्या मैफलीची आहे. पण त्यातल्या दोनच चिजा मैफलीतल्या आहेत. बाकीच्या तीन त्यानंतर काही महिन्यांनी स्टुडिओत वाजवलेल्या आहेत. आणि गंमत अशी की, पाचही चिजा ऐकून त्यातल्या मैफलीच्या कुठल्या आणि स्टुडिओतल्या कुठल्या, हे नुसत्या वादनाच्या जोमावरून ओळखायला जाणकारालाही कान टवकारावे लागतात. टाळ्या आणि पेल्यांचा किणकिणाट मात्र लगेच सांगतो!

याच माँटगोमरींच्या १९६७ नंतरच्या तबकड्यांवर शौकिनांत मोठी फाळणी झाली. त्या तबकड्यांत व्हायोलिनांचा मोठा ताफा मागे आहे, लोकप्रिय गाणी आहेत, आणि स्वतः गिटारवाला चालीपलीकडे फारसा जात नाही. त्या खपल्या खूप. एक पक्ष म्हणतो, यांनी बाजाराला मान दिला. दुसरा म्हणतो, ज्याला जॅझ कळत नाही त्याच्याही घरात गिटारचा हा गोड नाद पोचला, यात वाईट ते काय? १९६८ साली माँटगोमरी वारले. वाद अजून चालू आहे. मला वाटते, दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मान्य करावी. नुसत्या त्या शेवटच्या तबकड्या ऐकून जो या वादकाची किंमत ठरवील, तो चुकेल. चूक तबकडीची नाही. एका तबकडीवरून सारा माणूस जोखण्याची आहे.

एवढे परदेशचे झाले. आता घरी येऊ. मुंबईत जॅझ आले ते १९३० नंतरच्या दशकात, ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी अमेरिकेहून आलेल्या ताफ्यांबरोबर. ते उचलले गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांतून त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत होतेच. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात, असा या वादकांचा दिनक्रम असे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात जो बाज आणला, त्यामागे याच मंडळींचा हात होता. म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या माणसाने जॅझ हे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी तंबूतल्या सिनेमात त्यावर मान डोलावली होती. पुढे १९५८ साली डेव्ह ब्रूबेक, १९६३ साली ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ साली लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले. ज्यांना मुंबई दूर होती त्यांच्यासाठी लघुलहरींवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा जॅझचा कार्यक्रम होता. १९५५ पासून विलिस कॉनोव्हर तो सादर करीत. परदेशच्या श्रोत्यांना कळावे म्हणून ते मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत.

या मुंबईत १९३६ साली गोव्याच्या वंशातला एक गिटारवादक जन्मला, अमान्सियो डिसिल्वा. हॉटेलांतून आणि क्लबांतून वाजवीत ते तयार झाले. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. तिथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्यांना हेरले आणि १९६९ साली त्यांच्या दोन तबकड्या झाल्या. पहिली 'इंटिग्रेशन', म्हणजे एकजीव होणे. दुसरी जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या जोडीने केलेली, आणि तिचे नाव चक्क हिंदी, 'हम दोनो'. या तबकड्यांतल्या चिजांची नावे पाहिली तरी माणूस कळतो. 'गँजिस', 'अ स्ट्रीट इन बॉम्बे', 'जयपूर', 'बॅलड फॉर गोवा', आणि मुलाच्या नावाने केलेली 'स्टेफानोज डान्स'. राहायला लंडनमध्ये, पण चित्त सारे इकडेच.

त्यांचे वादन ऐकताना आपल्या कानाला एक गोष्ट चटकन जाणवते. अमेरिकेचा गिटारवाला स्वरमेळांच्या पायऱ्यांवरून उड्या घेत चालतो. डिसिल्वा पुष्कळदा एकाच स्वरावर ठाण मांडतात, त्याच्या आसपास फिरतात, तार दाबून स्वर किंचित ओढतात आणि पुन्हा मुक्कामावर येतात. मागे षड्ज धरल्यासारखा नाद चालू असतो. रागदारीचा कान असलेल्या श्रोत्याला ही चाल ओळखीची वाटते. मात्र हा राग कोणता, असे विचारू नये. ते रागसंगीत नाही. रागाच्या गावावरून गेलेली ती जॅझची वाट आहे.

१९७२ साली लंडनमध्येच त्यांनी 'कोकण डान्स' या नावाने आणखी एक तबकडी मुद्रित केली. तिच्यात तबल्यावर आहेत केशव साठे. हे मराठी तबलजी जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या इंडो-जॅझ ताफ्यातही १९६६-६७ साली वाजवीत होते. म्हणजे कोकणाच्या नावाची चीज, गोव्याच्या वंशाचा गिटारवाला, मराठी तबलजी आणि सोबत इंग्रज वादक, असा योग जुळून आला. पण तो बाजारात आलाच नाही. मुद्रण तसेच पडून राहिले. डिसिल्वा १९९६ साली वारले, आणि तबकडी निघाली २००६ साली, मुद्रणानंतर चौतीस वर्षांनी. 'हम दोनो'च्या मूळ प्रतीही इतक्या दुर्मीळ झाल्या की संग्राहक त्यासाठी भारी किंमत मोजू लागले.

आता आपल्या मूळच्या वादाकडे पाहा. डिसिल्वांच्या नावाने निघालेल्या तबकड्यांची मालिका सुरू होते १९६९ साली, लंडनमध्ये. त्याआधीची मुंबईची सारी वर्षे, हात तयार होण्याची, रात्री रात्री वाजवण्याची, त्या मालिकेत नाहीत. ज्यांनी समोर बसून ऐकले त्यांच्या आठवणीत ते वादन राहिले आणि त्यांच्याबरोबर जात चालले. "समोर ऐकायला हवे होते" म्हणणारा खोटे बोलत नाही. पण त्याचे म्हणणे तो असेपर्यंतच. तबकडीवाल्याचा पुरावा अपुरा असतो, एकांगी असतो, कधी त्यावरचे नावही चुकीचे असते. तरी तो उरतो.

आपल्या संगीतातही हेच घडले आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांना ध्वनिमुद्रणाचे प्रेम नव्हते. त्यांच्या मैफली ऐकलेले रसिक म्हणत की तबकडीत बाईंचे गाणे नावालाच आहे. आणि दैवयोग पाहा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी बसवली, तिच्यात हिंदुस्थानी संगीत म्हणून केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. बाई त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वारल्या. मैफली दिवाणखान्यात विरल्या. ती तोकडी तबकडी सूर्यमालेच्या पार गेली.

तेव्हा दूरच्या गावच्या श्रोत्याने मन खट्टू करण्याचे कारण नाही. तबकडी ऐकणे हेही ऐकणेच आहे, मात्र ते डोळसपणे व्हावे. त्यासाठी प्रत्येक मुद्रणाला चार प्रश्न विचारावे. कोणाबरोबर वाजवले आहे? कोठे, स्टुडिओत की मैफलीत? कोणत्या साली, म्हणजे कलावंताच्या उमेदीत की उतारवयात? आणि जेवढे वाजले तेवढे सारे ठेवले आहे, की कात्री लागली आहे? यांची उत्तरे मिळाली म्हणजे शौकिनांच्या निम्म्या वादांचा निकाल लागतो, आणि उरलेल्या निम्म्यांत गोडी येते. एकच चीज त्याच वादकाने निरनिराळ्या वेळी वाजवलेली मिळाली, तर ती मुद्दाम लागोपाठ ऐकावी. डिसिल्वांची 'जयपूर' १९६९ च्या दोन्ही तबकड्यांत आहे. एकीत सोबती निराळे, दुसरीत निराळे. चाल तीच राहते आणि बोलणे कसे बदलते, हे जॅझच्या व्याख्येच्या दहा पानांपेक्षा या दोन मुद्रणांत लवकर कळेल. मैफलीला न जाताही मैफलीचे मर्म कळण्याची ही वाट आहे.

शेवटी एक विनंती. परदेशच्या गिटारवाल्यांच्या मुद्रणांवर वाद घालताना आपल्या गावात काय वाजते आहे, याकडेही थोडे पाहावे. चिखलीच्या, देऊळगावराजाच्या, मोताळ्याच्या खेड्यांतून भजनी मंडळे आहेत, पखवाजी आहेत, शाहीर आहेत, वरातीत क्लॅरिओनेटवर जुनी चाल घोळवणारे वृद्ध बँडमास्तर आहेत. आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. जेरी न्यूमनला ते ओझे वाहून न्यावे लागले होते. कलावंताची परवानगी घेऊन त्यांचे वादन अथपासून इतिपर्यंत टिपावे, मध्ये तोडू नये. आणि १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी केले तेवढे अवश्य करावे. मुद्रण संपता संपता त्यांनी स्वतःचे नाव मोठ्याने सांगून टाकले, म्हणजे परदेशात तबकडी घडवणाऱ्यांचा घोटाळा होऊ नये. तसे आपणही टिपणाच्या शेवटी नाव, गाव, तारीख आणि चीज तोंडाने सांगून ठेवावी. पन्नास वर्षांनी कोणी दोन रसिक त्यावर वाद घालायला बसले, तर त्यांच्या हाती निदान खरा कागद असेल.